कराळीचा पडलेला दात

माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी नर्मदेकाठच्या रानात कराळी नावाची अजस्र डायनासोर राहत होती. ती गुरगुरली की अख्खं रान चिडीचूप व्हायचं. एकदा शिकारीचं हाड फोडताना तिचा पुढचा दात तुटून पडला. कराळी हादरली. आता आपली जरब संपली, सगळे हसतील, या धास्तीने तिने तोंड मिटलं ते मिटलंच. शिकारही बंद झाली. तिसऱ्या दिवशी घरट्यातली पिल्लं भुकेने रडायला लागली.

ते ऐकवेना, तेव्हा ती नदीतल्या शेजारणीकडे, सुसरबाईकडे गेली आणि कसंबसं पुटपुटली, "बाई, माझा दात पडला गं."

"एवढंच ना? आ कर बघू." कराळीने भीतभीत जबडा उघडला. सुसर हसली. "अगं, नवा डोकावतोय की आतून! आपले दात जन्मभर पडतात आणि जन्मभर येतात. माझे कितीतरी पडले."

"मग मला हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"तू तोंड उघडलंस कुठे?"

कराळी ओशाळली. मग दातातली फट साऱ्यांना दिसेल एवढा जबडा वासून तिने डरकाळी फोडली आणि शिकारीला निघाली. रान नेहमीसारखंच पळत सुटलं.