राजाच्या गळ्यातला पट्टा

मोहदरीच्या रानात दरारेराव नावाचा वाघ राज्य करत होता. तो फार दयाळू राजा होता. हे रानातल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण तो स्वतःच रोज सांगत असे.

दरारेराव निवडून आले ते गवताच्या जोरावर. रानात मतदार बहुतेक गवत खाणारे. म्हणून निवडणुकीत त्यांनी चिन्हच गवताची पेंढी घेतलं होतं आणि भर सभेत शपथ वाहिली होती, "बंधूंनो, आजपासून मी तुमच्यातलाच एक. तुम्ही खाल तेच मी खाईन." हरणं गहिवरली. 'तुम्ही खाल ते' आणि 'तुम्हाला खाणं' यात फरक असतो, एवढं बारकाईनं भर सभेत कोण बघतं?

निवडून आल्यावर राजांनी घरटी एक मोबाईल फोन फुकट वाटला. दररोज सकाळी त्या फोनवर राजांचा गवत खातानाचा फोटो येई. फोटोला अंगठा दाखवावा अशी सक्ती मुळीच नव्हती. न दाखवणाऱ्याकडे फक्त दोन कोल्हे चहाला जात.

रानात सुख होतं. फक्त हरणं कमी होत होती. प्रधान धोरणराव कोल्हे यांना कुणी विचारलं तर ते म्हणत, "स्थलांतर. कामधंद्यासाठी पलीकडच्या रानात गेलीत. तरुण पिढी महत्त्वाकांक्षी आहे." गेलेल्यांपैकी कुणाचाही फोन कधी आला नाही, तेव्हा लोकांना वाटलं, महत्त्वाकांक्षी मुलं अशीच असतात.

याच रानात करवंदीच्या जाळीपाशी भुरी नावाची भेकरीण राहत होती. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरण. तिला नुकतंच पाडस झालं होतं. भेकराचं पाडस पहिले काही आठवडे पळू शकत नाही. पाय लटपटतात, चार पावलं टाकली की बसकण मारतं. भुरीला राजकारणात गोडी नव्हती. पाडसाचे पाय घट्ट होईपर्यंत राजांची स्वारी न कळता अंगावर येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. पण ही इच्छा कोणत्याच जाहीरनाम्यात बसत नव्हती.

आता झालं असं, की नाना वानराला स्वतःचे फोटो काढायचा नाद होता. एके दिवशी त्याने सागाच्या फांदीवर बसून शेपटीसकट एक छान फोटो काढला आणि सगळ्या रानाला पाठवला. फोटोत नाना सुरेख आला होता. त्याच्यामागे, झाडाखाली, दरारेरावही सुरेख आले होते. त्यांच्या तोंडात रानडुकराची तंगडी होती.

रानात कुजबुज झाली. दुपारी धोरणरावांनी खुलासा केला, "राजे रताळं खात होते."

"रताळ्याले खूर असतो का जी?" नानाने विचारलं.

"संकरित वाण आहे," धोरणराव म्हणाले.

खुलासा उत्तम होता, तरी दुसऱ्या दिवशी राजांच्या सकाळच्या फोटोला अंगठे कमी पडले. राजे चिडले. "सगळ्यांचे फोन काढून घ्या," ते गरजले.

धोरणराव अनुभवी होते. ते म्हणाले, "महाराज, दिलेली वस्तू परत मागितली की मतं जातात. वस्तू त्यांच्याच हातात राहू द्या. नुसती चालू देऊ नका."

मग दळणवळण खात्याच्या साळिंदरसाहेबांना बोलावणं गेलं. हे खातं त्यांच्याकडे होतं, कारण त्यांच्या अंगावर इतके काटे उभे असत की रेंज आपोआप येई. त्यांनी एक यंत्र बनवलं. यंत्र जिथे लावू तिथे हाकेच्या अंतरातले सगळे फोन दुरूनच बंद पडत. ना फोटो, ना बोलणं, ना गाणं. पहिलं यंत्र राजवाड्यावर बसलं, सुरक्षेसाठी. दुसरं धान्याच्या कोठारावर, उंदरांच्या खासगीपणाच्या हक्कासाठी. तिसरं पाणवठ्यावर. तिथे कारण सापडेना, तेव्हा 'परीक्षा चालू आहेत' असा फलक लावला. कोणाच्या परीक्षा, हे मगरीला विचारायची कुणाला छाती झाली नाही.

पण अडचण अशी होती, की राजे काही ताट मांडून एका जागी जेवत नसत. आज बांबूच्या बनात, उद्या नाल्यात. यंत्रं पुरणार कशी? शेवटी साळिंदरसाहेबांनी यंत्र पट्ट्यात बसवलं आणि पट्टा राजांच्या गळ्यात बांधला. आता जिथे राजे, तिथे फोन बंद. राजे पुढे गेले की मागचे फोन पुन्हा सुरू.

धोरणरावांनी रानाला सांगितलं, "राजांच्या जिवाला धोका आहे. फोनच्या साह्याने त्यांच्यावर हल्ला करण्याचा कट उघडकीस आला आहे."

"कुणाचा कट?"

"सशांचा."

ससे हे ऐकून स्वतःच इतके घाबरले की आठवडाभर बिळातून बाहेर आले नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरचा संशय आणखी बळावला.

पट्टा बांधल्यावर काही दिवस राजांचं फार चांगलं गेलं. हवं तिथे जेवले, हवं ते जेवले. अंगावर तकाकी आली. सकाळचा फोटो आता फोनऐवजी साध्या कॅमेऱ्यावर काढत, आणि तो बघून लोक म्हणत, गवत मानवलं हो राजांना.

एके दुपारी भुरी जाळीशी बसून फोनवर एका कावळ्याचं व्याख्यान ऐकत होती. विषय होता, पाडसाचे पाय बळकट कसे करावेत. "आईने सर्वात आधी काय करावं," कावळा म्हणाला, "तर..." आणि फोन बंद पडला.

भुरीने फोन हलवला, झाडावर घासला, फुंकर मारली. काही नाही. मग तिने मान वर केली. फोन आल्यापासून तिने अशी मान वर केलीच नव्हती. वारा पडला होता. पलीकडे तरोट्याची झुडपं हलत होती आणि वारा नसताना ती हलत होती. तिने पाडसाला तोंडाने ढकलत जाळीच्या पार आत नेलं आणि श्वास रोखून पडून राहिली. थोड्या वेळाने राजे तिथून गेले, इकडे-तिकडे हुंगत. ते टेकाडापलीकडे पोचले आणि फोन आपोआप सुरू झाला. "...सावध राहावं," कावळा म्हणाला.

तिने हे नानाला सांगितलं.

"अवं नेटवर्क गेलं असंल," नाना म्हणाला. "आपल्या इकडे जातेच."

"नेटवर्क नाही गेलं, नाना. राजे आलते."

नाना थोडा वेळ डोकं खाजवत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला आणि तो फांदीवरून फांदीवर रानभर सुटला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून मोहदरीचं रान गाण्यांनी दुमदुमू लागलं. चितळांच्या कळपात भजन, रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, कळपात लावणी, रानडुकरांकडे नुसताच ढोल. सगळे फोन दिवसभर मोठ्याने चालू. गाणं थांबलं की कळप पसार. राजे पोचत तेव्हा तिथे फक्त चघळलेलं गवत असे.

दरारेरावांच्या पोटात कावळे ओरडू लागले. ते दबा धरत, पोटावर सरपटत, दम धरून जात. आणि नेमकी शिकार टप्प्यात आली की लावणी बंद पडे. एका सकाळी फोटो काढून झाल्यावरही राजांनी तोंडातलं गवत थुंकलं नाही. गिळलं. छायाचित्रकाराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धोरणराव, हा पट्टा काढा," राजे म्हणाले. आवाज खोल गेला होता.

"महाराज, पट्टा निघाला की फोन सुरू होतील. झाडावर नाना आहे."

"रताळं म्हणू."

"रताळं एकदाच चालतं, महाराज."

"भूक रोज लागते," राजे म्हणाले.

लगेच दवंडी पिटली. राजांवरचं संकट टळलं आहे. सशांशी झालेली चर्चा यशस्वी झाली आहे. उद्या सकाळी मोठ्या समारंभात राजे पट्टा उतरवतील आणि रानाला संपूर्ण फोनस्वातंत्र्य बहाल करतील.

हे ऐकून भुरीने आधी पाडसाच्या पायांकडे पाहिलं. पाडस आता आठ-दहा पावलं धावत होतं, पण उडी जमत नव्हती. अजून थोडे दिवस मिळाले असते तर निभावलं असतं. तिला रडू येत होतं. बाकीचे कळपही तिच्या जाळीपाशी जमले. त्यांनाही लहान पोरं होतीच.

नाना तावातावाने म्हणाला, "मोर्चा काढू. मुर्दाबाद म्हनू, दगडं मारू."

"मुर्दाबाद म्हनलं का काठ्या पडतीन," भुरी म्हणाली. "जिंदाबाद म्हना. जिंदाबादवाल्याले कोन मारते?"

दुसऱ्या दिवशी समारंभाला सगळं रान लोटलं. राजे खडकावर उभे होते. साळिंदरसाहेब पट्टा सोडवायला पुढे सरले. एवढ्यात खालून आवाज उठला.

"दरारेराव महाराजांचा, विजय असो!"

"राजांच्या जिवाशी खेळ, खपवून घेणार नाय!"

"कोन म्हनते काढनार हाय, बांधल्याशिवाय राहनार नाय!"

राजे चपापले. धोरणरावांनी हात वर केले. "प्रजाजनहो, तुमचं प्रेम आम्ही जाणतो. पण धोका आता संपला आहे. सशांनी शरणागती पत्करली आहे."

तेव्हा गर्दीतून एक ससा पुढे आला. त्याला इतरांनी मागून ढकललं होतं. त्याचे कान थरथरत होते, पण तो स्पष्ट बोलला. "चर्चा फिसकटली आहे. आम्ही पहिल्यासारखेच भयंकर आहोत."

गर्दीत हाहाकार उडाला. चितळिणींनी ऊर बडवले. रानडुकरांनी शपथ घेतली की पट्टा निघाला तर ते सामुदायिक उपोषणाला बसतील. एक म्हातारा रोही म्हणाला, "राजेसायेब, तुमाले काई झालं त आमी कोनाच्या तोंडाकडं पायाचं?" आणि हुंदके देऊ लागला. त्याचं नाटक बघून भुरीलाही क्षणभर राजांची काळजी वाटली.

दरारेरावांनी समोर पाहिलं. एवढं जेवण एका ठिकाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांचा जयजयकार करत होतं. त्यांच्या तोंडातून लाळ गळाली. ती प्रजाप्रेमाची समजली गेली. फोन सगळे बंद होते, पण डोळे चालू होते.

भुरी खडकाशी गेली आणि तिने गवताची पेंढी राजांच्या पुढ्यात ठेवली. "खा जी महाराज. तुमी खाता तवाच आमच्या घशाखाली उतरते."

राजांनी धोरणरावांकडे पाहिलं. धोरणरावांनी आभाळाकडे पाहिलं. मग सगळ्या रानासमोर राजांनी ती पेंढी काडीकाडीने संपवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकभावनेचा आदर राखून पट्टा कायम ठेवण्यात आला, आणि यंत्राचं अंतर एका हाकेऐवजी दोन हाका करण्यात आलं.

पुढचे दिवस मोहदरीत आनंदाचे गेले. राजे वाळले, पण लोकप्रिय झाले. दिलेला शब्द पाळणारा राजा म्हणून शेजारच्या रानांतून त्यांना बघायला माणसं, म्हणजे जनावरं, येऊ लागली. राजांना गवत पचत नव्हतं. पण मधल्या काळात त्यांना बेडूक सापडू लागले होते आणि बेडकांकडे फोन नव्हते. भुरीच्या पाडसाने एका सकाळी नाला एका उडीत पार केला, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा उडी मारून परत आलं. भुरीला इतका आनंद झाला की ती दिवसभर उगाचच भुंकत राहिली.

मग निवडणूक आली. विरोधी पक्षाचे तरुण नेते होते उमेदराव बिबटे. त्यांची सभा मोहाच्या झाडाखाली भरली. उमेदराव फार छान बोलले.

"मित्रांनो, या सरकारने तुमच्या फोनचा गळा घोटला. आमचं सरकार आलं की पहिल्या दिवशी हा पट्टा नाल्यात फेकू. माझ्या गळ्यात कधीही पट्टा नसेल. मी सरकारी थाटात येणार नाही. मी तुमच्यातला आहे. तुमच्या घरी, तुमच्या कळपात, कधीही, कसाही येईन. आवाजसुद्धा होणार नाही. तुमच्यात आणि माझ्यात कसलंही अंतर उरणार नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. भुरी उभी राहिली. तिच्या बाजूला पाडस उभं होतं, चारही पायांवर, घट्ट.

"सायेब," ती म्हणाली, "मंग तुमी आले, हे आमाले समजन कसं?"

उमेदरावांनी स्मित केलं. प्रश्न रास्त आहे, ते म्हणाले. यावर आपण एक समिती नेमू, आणि समितीत सगळी हरणंच घेऊ.