शेवटचा रकाना

“मग ‘निरंक’च लिहू ना, बुवा?”

मठाच्या पायरीवर उभं राहूनच दौलतराव मोहोळकरांनी विचारलं. हातात पक्षाच्या छाननी समितीचा फॉर्म होता. उद्या सकाळी दहाला मंत्रिपदाची शपथ घ्यायची होती, आणि आज संध्याकाळच्या आत फॉर्म परत द्यायचा होता. शेवटचा रकाना तेवढा कोरा होता.

“काय विचारलंय त्यात?” भीमगीर बुवा म्हणाले.

दौलतरावांनी वाचून दाखवलं. “आपल्यामुळे शासनाला कमीपणा येईल अशी एखादी जुनी बाब आहे काय?”

“मग?”

“तीन आठवडे चाळलं मला समितीने. मैद्याच्या चाळणीने चाळलं म्हणा. एक खडा निघाला नाही, बुवा. धुतल्या तांदळासारखा आहे मी. तुम्ही हो म्हणा, लगेच लिहून टाकतो.”

बुवा उठले आणि घंगाळ भरून घेऊन आले.

ओढ्यापलीकडच्या या मठाची ती रीतच होती. आमदार येवो की मेंढपाळ, येणाऱ्याचे पाय बुवा स्वतः धुवायचे, मगच बोलायला बसायचे. ओढ्यावर पूल बांधून देतो, असं दौलतराव दोनदा म्हणाले होते. पूल आला की नावाची पाटीही येते, म्हणून बुवांनी नको म्हटलं. तेव्हा चिखल तुडवल्याशिवाय इथे कोणी पोचत नसे.

दौलतरावांनी पाय पुढे केले.

पाय कोरडे होते. बोटांच्या बेचक्यातसुद्धा माती नव्हती.

“ओढा कसा ओलांडलात?”

“शेवाळ्यांनी आणलं की पाठीवर. जाताना पत्रकार गाठणार. चिखलाचे पाय बरे दिसत नाहीत.”

शेवाळे पायरीखाली बॅग छातीशी धरून उभे होते. साठी उलटलेली, अंगाने काटक, मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेले. एके काळी ते दौलतरावांचे स्वीय सहायक होते.

बुवांनी त्यांना विचारलं, “आश्रमशाळेचं छप्पर पडलं, त्याला किती वर्षं झाली?”

“नऊ.”

“दोन मुली गेल्या त्यात.”

“हो...”

“ठेका कुणाच्या शब्दावर दिला होता?”

शेवाळ्यांनी दौलतरावांकडे पाहिलं.

“ते प्रकरण मिटलंय, बुवा,” दौलतराव म्हणाले. “साहेबांना न विचारता त्यांच्या नावाने मीच शब्द टाकला, असं यांनी स्वतः लिहून दिलंय. कागदावर माझं नाव कुठेही नाही.”

“मी त्यांना विचारतोय.”

“माझी नोकरी गेली, बुवा,” शेवाळे हळूच म्हणाले. “अकरा महिने आत होतो. पण सायबांनी तेवढे महिने घरी धान्य धाडलं. खोटं कशाला बोलू?”

बुवांनी घंगाळ उचललं. ते पायऱ्या उतरले आणि शेवाळ्यांच्या पुढ्यात बसले.

शेवाळे मागे सरले. “नको, बुवा. मला पाप लागेल.”

बुवांनी त्यांचा घोटा धरला.

पहिलं पाणी गढूळ झालं. ते केळीच्या बुंध्याशी ओतून बुवांनी दुसरं आणलं. तेही गढूळ झालं. शेवाळे आधी अवघडले, मग बॅगेत तोंड खुपसून रडायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

वर दौलतराव पेनचं टोपण काढून थांबले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं.

“बुवा, उशीर होतोय. माझे पाय राहिलेत अजून.”

बुवांनी मान वर केली नाही. शेवाळ्यांच्या टाचेच्या भेगेत बसलेला चिखल ते अंगठ्याने काढत होते.

“तुमचेच धुतोय.”