उजव्या खांद्यावरची पाकळी

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जिथे वाळू संपते आणि लाल माती सुरू होते, तिथे तुळसा नावाची एक आठ वर्षांची मुलगी राहायची. घर इवलंसं. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, शेणाने सारवलेली पिटुकली ओटी आणि चुलीवर सकाळ-संध्याकाळ पातळ पेज. आई दिवसभर झावळ्यांची झापं विणायची. विणता विणता तिची नजर मात्र समुद्राकडे असायची, कारण तुळसाचे बाबा गलबतावर खलाशी होते. महिनाभरात येतो म्हणून ते दिवाळीआधी गेले आणि आता फाल्गुन लागला तरी आले नव्हते.

तुळसाला बाबांची फार फार आठवण यायची. त्यांच्या सदऱ्याला येणारा खारा वास आठवायचा. त्यांचा जेवायचा पाट ती रोज पुसून भिंतीशी उभा करून ठेवायची, आणि रोज तो तसाच राहायचा.

गावामागे देवीची राई होती. हिरवीगार, गारेगार! सुरंगीच्या झाडांना पिवळ्या कळ्यांचे घोस लगडलेले, पानांतून उन्हाचे सोनेरी कवडसे सांडलेले आणि मधोमध काळ्या दगडाची, हसऱ्या तोंडाची देवी. तुळसा रोज सकाळी देवीसाठी सुरंगी वेचून न्यायची. गावात कुणाला काही विचारायचं झालं तर गुरवकाका देवीला कौल लावत. म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि हात जोडून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. कुठलीच पडली नाही, तर देवीला अजून काही सांगायचं नाही, मुकाट घरी जायचं.

गुरवकाका झऱ्यावर पाणी आणायला गेले की तुळसा आपल्या छोट्याशा हातांनी कौल लावायची. "देवी गो, आज बाबा येतलो?"

पाकळ्या हलायच्याच नाहीत. ना उजवी, ना डावी. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल महिनाभर! नाही म्हटलं असतं तर निदान रडून तरी घेता आलं असतं. पण देवी आपली हसतेय आणि गप्प.

शेवटी एके सकाळी तुळसाचा धीर सुटला. तिने डावी पाकळी पाण्यात चांगली बुडवली आणि उजवीला नुसतं ओलं बोट लावलं. आता कोरडी पाकळी दगडावर टिकणार किती? टपकन पडली. आणि गंमत बघा, आपणच पाडलेल्या पाकळीवर तुळसाचा विश्वास बसला! ती धावत सुटली.

"आये, उजवी पडली! आज बाबा येतलो!"

"खरा सांगतस, तुळशे?" आईच्या हातातलं झाप गळून पडलं. तिने डब्याच्या तळाचे तांदूळ काढून भात रांधला. पेटीतली हिरवी काकणं घातली. मग दोघी बंदरावर जाऊन बसल्या. ऊन चढलं, ऊन उतरलं. होड्या आल्या, मासळी उतरली, माणसं घरी गेली. बाबा काही आले नाहीत.

परत येताना आई एवढंच म्हणाली, "देवी खोटा बोलाची नाय. माझ्याच नशिबात काय तरी चुकला असात." आणि घरी आल्यावर तिने एकेक काकण उतरवून पेटीत ठेवलं.  तुळसा ते बघत होती, पण खरं सांगायला तिचं तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिमग्याच्या आदल्या दिवशी, आईने घरातलं उरलंसुरलं तेल करवंटीत ओतून दिलं. "देवीच्या दिव्यात घाल जा. रागावली असली तर शांत होईत."

तुळसा मान खाली घालून राईत शिरली. तोच वरून बारीक आवाज आला. "अगं, इकडे! फणसाकडे बघ!"

फणसाच्या कोवळ्या फळाला खारीने कुरतडलं होतं आणि त्यातून पांढरा चीक ओघळत होता. त्या चिकात अडकली होती एक परी. सुरंगीच्या कळीएवढी! पिवळाधमक झगा, केसांत परागांचे चमचमते कण आणि एक झुळझुळीत पंख चिकात पक्का चिकटलेला.

फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, त्याला तेलच लागतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुळसाने हातातल्या करवंटीकडे पाहिलं. तेल देवीचं. घरात आता थेंब नाही. आधीच देवीची एक खोडी काढलेली. पण परीचा पंख थरथरत होता, आणि तुळसाला ते बघवेना.

"देवी, माका माफ कर गो," ती पुटपुटली आणि बोट तेलात बुडवून हळूहळू पंख सोडवू लागली. थेंब थेंब करत सगळं तेल संपलं तेव्हा कुठे पंख सुटला.

परीने गिरकी घेतली, तशी हवेत सोनेरी धूळ उडाली. "तुळसाबाई, तुमची एक इच्छा मी पुरवणार!" (परी अगदी शुद्ध बोलायची. कुठे शिकली, कोण जाणे.)

"माका माझो बाबा होयो!" तुळसा एका दमात म्हणाली.

"थांब, आधी नियम ऐक. बाबा आजच हवेत असं मागितलंस, तर मी आत्ता फुंकर घालीन. वारा सुटेल आणि गलबत निघेल. पण मी पडले सात झाडांची परी. या राईपलीकडचं मला काही दिसत नाही. वारा पाठवता येतो, पुढे काय होईल ते कळत नाही. आणि नुसतेच बाबा मागितलेस, तर ती इच्छा मी देवीच्या ओटीत ठेवीन. तिला सगळा समुद्र दिसतो. ती तिच्या वेळेला देईल. मात्र मग कौल लावायचा नाही. कधी, कधी म्हणून विचारायचं नाही. फुलं वाहायची आणि घरी जायचं."

आजच! तुळसाच्या ओठांवर शब्द आला होता. आज संध्याकाळी बाबा पाटावर बसतील, आई काकणं घालील... काकणं आठवली आणि तिला रडूच फुटलं. काल आपणच 'आज' पाडला होता ना ओढून? कुणाच्या उपयोगी पडला तो?

डोळे पुसत ती म्हणाली, "बाबा येऊ दे. कधी, ता देवीन ठरवचा."

परीने ते शब्द ओंजळीत घेतले आणि देवीच्या ओटीत अलगद ठेवले. घरी जाऊन तुळसाने आईला सगळं सांगितलं, पाकळीचंसुद्धा.  आईने लेकीला मांडीवर ओढलं आणि दोघी पोटभर रडल्या.

मग सुरू झालं थांबणं. शिमगा गेला, सुरंगी विरळ झाली. तुळसा रोज फुलं वाहायची. कधी कधी प्रश्न अगदी घशाशी यायचा, इतकी आठवण दाटायची. ती तो गिळायची आणि पाट पुसायला घरी पळायची.

चैत्रातल्या एका सकाळी तिने झाडावरची शेवटची सुरंगी वेचून देवीच्या गळ्यात माळ घातली. काही विचारलं नाही. हात जोडून वळणार, तोच देवीच्या उजव्या खांद्यावरून एक पाकळी सुटली आणि तिच्या पायाशी पडली.

तुळसा जागीच उभी राहिली. पाकळी ओली होती, छान ओली. तिने ती मुठीत धरली, पण या वेळी ती ओरडत सुटली नाही. चालत चालत घरी आली आणि बघते तर आई, कुणी काही न सांगता, ओटीवर उभी राहून काकणं घालत होती. गलबत आलं की वाजतो तो शंख बंदरावर वाजत होता.

संध्याकाळी बाबा पाटावर बसले होते. वाळलेले, रापलेले, पण हसरे. "लांबच्या बंदरात वारो पडललो," ते सांगत होते. "शिमग्याच्या आदल्या दिसा तर मी देवाक म्हटलंय, आज जरा वारो सुटूदे. पण पान हलला नाय. मगे तांडेल, आमचो म्होरक्यो, म्हणालो, बसलोच आसव तर गलबताचो तळ तरी बघूया. बघतव तर मधली फळी कुसलली! त्या दिसा निघालो असतव तर..."

आईने पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी! तुळसा उठली. बाबांनी आणलेल्या तेलातलं पळीभर तेल घेऊन ती राईकडे धावली. दिवस मावळायचा होता. तिने देवीपुढचा दिवा लावला, आणि ज्योतीशेजारी ती चिमुकली परी बसलेली दिसली.

"काय गं," परीने विचारलं, "फार उशीर झाला का?"

तुळसाने देवीच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाय गो," ती म्हणाली. "बाबा वेळेर इलो."

परी खुदकन हसली. दिव्याची ज्योत एकदम मोठी झाली, सगळी राई पिवळ्या उजेडाने भरून गेली आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. तुळसाने ओंजळीने वारा अडवून ज्योत स्थिर होऊ दिली आणि ती बाबांकडे पळाली.