विकत घेतल्याचा पुरावा

चिपळूणच्या कुमुदिनी पेंडसे यांनी नवऱ्यासाठी होड्यांच्या शर्यतीचा कॉम्प्युटर गेम विकत घेतला होता. पक्षाघाताने आखडलेली नवऱ्याची बोटं त्या खेळामुळेच हलू लागली होती. पण कॉम्प्युटर आतला भाग बदलून, दुरुस्त करून आणला आणि गेम त्याला ओळखेना, उघडेना. पडद्यावर एकच ओळ येई, ‘ही प्रत चोरीची असू शकते.’ गेमच्या कंपनीकडून पत्रांना उत्तर मिळेना, तेव्हा बाई थेट कंपनीच्या पुण्यातल्या ग्राहक मेळाव्याला गेल्या.

संचालक दाभाडे छाती फुगवून सांगत होते, "चोरीच्या प्रती रोखायला गेममध्ये घातलेल्या आमच्या कुलपापुढे चोराची मात्रा चालत नाही!"

कुमुदिनीबाई उठल्या. "साहेब, तुमच्या गेमच्या कुलूप तोडलेल्या चोरीच्या प्रती गल्लोगल्ली मिळतात आणि झकास चालतात. माझी विकतची तेवढी बंद पडलीय."

दाभाडे हसले. "तुमची प्रत विकतचीच आहे, याला पुरावा काय, बाई?"

"ती चालत नाही, हाच पुरावा," बाई शांतपणे म्हणाल्या. "चोरीची असती तर चालली असती."

सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. दाभाड्यांनी तिथल्या तिथे इंजिनिअरला बोलावून सगळ्याच ग्राहकांसाठी ते कुलूप काढायला लावलं.

दुसऱ्या दिवशी घरी बाईंचे यजमान गेममधली शर्यत हरले आणि हट्टाने म्हणाले, "पुन्हा लाव."