घाटात उलटलेली धमणी

ज्या काळी माणसे डोंगर पाहून वाट ओळखत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका घाटाच्या पायथ्याशी म्हाळू आणि त्याची बायको गिरजा राहत असत. त्यांच्याकडे एक देखणी धमणी होती. धमणी म्हणजे माणसांनी बसायची, वर छत असलेली हलकी बैलगाडी. आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुली तिच्यात बसून सासरी जात. त्या भाड्यावर दोघांचे घर चाले.

एके दिवशी राजाच्या सरदाराचा रथ घाटातून भरधाव आला आणि वळणावर धमणीला धडकला. धमणी दरीच्या काठावर उलटली. जू तुटले म्हणून बैल बचावले. म्हाळूने उडी टाकली म्हणून तो वाचला.

सरदाराने आपले सुतार पाठवले. नवे चाक बसवले, नवा आस घातला, वरून रंग दिला. "झाली पहिल्यासारखी," असे म्हणून सरदार मोकळा झाला.

पण ती पहिल्यासारखी झाली नव्हती. मुलींचे बाप येत, धमणीवरून हात फिरवत आणि हळूच विचारत, "हीच ना ती, घाटात उलटलेली?" मग दुसरीकडे जात. एक नवरी बसली खरी, पण पहिल्याच वळणावर किंचाळली आणि उतरून पायी चालू लागली.

शेवटी दोघांनी धमणी विकायला काढली. व्यापाऱ्याने निम्मीही किंमत सांगितली नाही. "गाडी धड आहे," तो म्हणाला, "पण पडलेली आहे. पुढचं गिऱ्हाईक मलाही तेच विचारील."

"जेवढी किंमत उतरली, तेवढी सरदारांनी भरून द्यायला हवी," गिरजा म्हणाली. "मी दरबारात जाते."

म्हाळूचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, कुंभाराचं काय झालं ते विसरलीस?"

ती विसरली नव्हती. सरदाराच्या घोड्यांनी मडकी तुडवली म्हणून त्या कुंभाराने तक्रार केली होती. एका सकाळी त्याचे घर रिकामे दिसले. चाकावर ओली माती तशीच होती. तो कुठे गेला, हे कोणी विचारलेही नाही.

गिरजाचे बोलणे सरदाराच्या कानावर गेले. संध्याकाळी त्याचा माणूस दारात आला. त्याने बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि हसून म्हणाला, "जनावरं छान आहेत, वहिनी. जपा."

त्या रात्री म्हाळूने बैल घरात आणून बांधले.

सकाळी गिरजा निघाली. मागून म्हाळूचा आवाज आला, "थांब गं, मीही येतो."

दरबारात सरदार तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. त्याच्याकडे न बघता गिरजाने सगळे सांगितले.

सरदार हसला. "महाराज, गाडी मी नवी करून दिली. आता आणखी काय हवंय हिला?"

"खरंच पहिल्यासारखी झाली?" राजाने विचारले.

"अगदी तशीच, महाराज."

गिरजा खालमानेने म्हणाली, "महाराज, तशीच असेल तर सरदारांनी ती ठेवून घ्यावी. आम्हाला कधी न पडलेली, तिच्याच तोडीची धमणी द्यावी. त्यांच्या लेकीचं लग्न जवळ आलंय. लेकीला याच धमणीत बसवून घाट उतरवावा."

सरदाराने तोंड उघडले, पण त्याच्या डोळ्यांपुढे ते वळण आले, ती दरी आली. मुठीवरचा हात खाली आला.

"सरदार," राजा म्हणाला, "आत्ता तुमच्या पोटात जो गोळा आला ना, त्यानेच या गाडीची किंमत उतरली आहे. ती तुम्ही भरून द्या; ही धमणी ठेवून घ्या आणि यांना कधी न पडलेली द्या. आणि या दोघांच्या केसाला जरी धक्का लागला, तरी तुमची सरदारकी गेली म्हणून समजा."

सरदाराला आपल्या गोठ्यातली उत्तम धमणी द्यावी लागली. जुनी त्याच्याच अंगणात पडून राहिली. तिच्यात त्याच्या घरचे कोणी कधी बसले नाही.

म्हाळू-गिरजा पुढे बरेच दिवस पावलांचा आवाज आला की दचकत. पण नव्या धमणीतून नवऱ्या मुली पुन्हा हसत घाट उतरू लागल्या.

तात्पर्य: मोडलेली वस्तू जोडून दिली म्हणून मोडणारा सुटत नाही, तिचे गेलेले मोलही त्याने भरून द्यावे, आणि ज्याचे गेले त्याने, भीत भीत का होईना, ते मागावे.