अव्वांच्या वाटणीची गोळी

“सगळ्यांच्या वाट्याला पीठ येऊ शकतं, मग माझ्याच का नको?” अव्वांनी विचारलं.

“अव्वा, आधी गोळी घ्या. वाद मागनं घालू.”

“वाद तू घेऊन आलीस. मी आपली शेंगा सोलत बसले होते.”

ते खरंच होतं. आजऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर अव्वांचा लहानसा मठ. त्या पडवीत शेंगा सोलत होत्या, तोच डॉक्टर कमळा मगदूमनं पांढऱ्या गोळ्यांची बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. तेव्हापासून दोघींची जुंपली होती.

कमळा अव्वांची शिष्या. परकरात होती तेव्हापासूनची. आता तिचेही केस पिकले होते. म्हातारपणी माणसाची आठवण झिजत जाते, त्या रोगावर ती सरकारी संस्थेत संशोधन करत होती. वादात तिला कुणी हरवल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्यासाठी ती तपासत होती ती गोळी जुनी आणि स्वस्त. नफा नाही म्हणून एकाही कंपनीनं हात लावला नाही. मग कमळानं सरकारचे उंबरे झिजवले. म्हाताऱ्यांचं काय, त्यांचं जगून झालंय, असं एक साहेब म्हणाला. त्याला तिनं असं काही फैलावर घेतलं, की पुढच्या बैठकीत मंजुरीचा विषय त्यानंच मांडला. लोकांच्या पैशावर चाचणी उभी राहिली.

चाचणीची रीत अशी, की निम्म्या म्हाताऱ्यांना खरी गोळी द्यायची आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही नसतं. नाहीतर जीव लावलेल्या माणसाला नसलेला गुणही दिसतो.

खालच्या वाड्यांतली म्हातारी माणसं चाचणीत आली, ती अव्वांच्या शब्दावर. पिठाची मिळाली तरी कुरकुरायचं नाही, खरंखोटं तुमच्यामुळंच कळणार, असं याच पडवीत अव्वांनी त्यांना बजावलं होतं.

आणि आता अव्वाच विसरायला लागल्या होत्या. पूजा आटोपून उठायच्या आणि पुन्हा पूजेला बसायच्या.

चार माणसांसारखी मीही चाचणीत बसते, असं त्या म्हणत होत्या. कमळा ऐकायला तयार नव्हती. तिनं आणलेल्या बाटलीत पिठाची गोळी एकही नव्हती.

“कुणाच्या तोंडचं काढलेलं नाही,” ती म्हणाली. “जादाच्या आहेत.”

जादाच्या आहेत तर खालच्या वाडीतल्या धोंडूबाईला दे, असं अव्वांनी सुचवलं. स्वतःच्या दारात उभी राहून ती हे घर कुणाचं म्हणून विचारते. तिला देता येत नाही, ती चाचणीत आहे, कमळा म्हणाली.

अव्वा हसल्या. “वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पानावरही तूप पडतं म्हणतात. तसं झालं बघ.”

“पडू दे. माझी एकच अव्वा आहे.”

“धोंडूबाईच्या पोरांना दोन-दोन आया असतील.”

कमळानं तोंड फिरवलं.

अव्वांनी बाटली उचलली. उन्हात धरून हलवून बघितली...

“कमळे, ही गुणाची आहे हे तुला ठाऊक असेल, तर शोधायला म्हणून लोकांचा पैसा घेतलास कशाला? आणि ठाऊक नसेल, तर मला हे आणलंस काय?”



साहेबांना गप्प करणारी बाई फरशीवरची शेंगांची टरफलं गोळा करायला लागली.

मग तिच्या तोंडून जे निघालं त्यात शास्त्र नव्हतं.

“काल सांजेला मी आले, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, बाई, कुणाकडं आलात म्हणून.”

अव्वांचा हात थांबला. त्यांना ते आठवत नव्हतं.

“मी विचारलं असं?”

“होय.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“तुमच्याकडंच आले म्हटलं. मग तुम्ही पाणी दिलंत.”

“पाणी दिलं ना,” अव्वा म्हणाल्या. त्यांनी कमळाला जवळ ओढलं आणि पदरानं तिचं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं. मग बाटली तिच्या पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद आवळला. चाचणीत माझंही नाव घाल, वाट्याला येईल ते मी मुकाट्यानं घेईन, असं त्यांनी सांगितलं.

“आणि पिठाचीच आली तर?” कमळा म्हणाली. “सगळं विसराल, अव्वा. मलासुद्धा.”

“विसरेन की. मग मी कोण होते ते तूच मला सांगायचंस. तेव्हा माझा तुझ्यावर विश्वास बसला पाहिजे, एवढं बघ.”