वाटीभर काढा

तापाच्या साथीने गड हैराण झाला होता. राजवैद्य भास्करशास्त्र्यांनी एक काढा तयार केला, तालमीतल्या चाळीस पहिलवानांना पाजून पाहिला आणि दवंडी पिटवली, की ताप आला की लहानथोर सगळ्यांनी वाटीभर काढा घ्यायचाच. तरणे दुसऱ्या दिवशी कामाला लागले. म्हातारे मात्र काढा पिऊन झोपले, ते उठलेच नाहीत. रेवतीच्या सासूबाई त्यांतल्याच. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या रेवतीने स्वतःच्या हाताने ती वाटी त्यांच्या ओठाला लावली होती.

आता सासऱ्यांना ताप चढला, तेव्हा तिने त्यांना पळीभरच काढा पाजला. कुणीतरी चहाडी केली आणि तिला दरबारात उभं केलं गेलं.

"कालची सून, आणि माझ्या औषधावर शंका?" शास्त्री कडाडले. "चाळीस जणांवर पारखलंय. एकालाही शिंक आली नाही!"

"त्यांत म्हातारे किती होते?" रेवतीने हळूच विचारलं.

"म्हातारे कशाला घेईन? कुणाला दमा, कुणाला चक्कर. त्यांच्या अंगात आधीच दहा दुखणी. सगळी पारख बिघडते!"

रेवती महाराजांकडे वळली. "महाराज, मामंजींची ती दहा दुखणी शास्त्रीबुवांनी आधी काढून घ्यावीत. मग मी वाटीभर काय, तांब्याभर काढा पाजते."

दरबारात कुणी हसलं नाही. बहुतेकांच्या घरातलं एकेक अंथरूण रिकामं झालं होतं.

महाराजांनी काढा नव्याने पारखायला फर्मावलं, या वेळी म्हाताऱ्यांवर आणि थेंबाथेंबाने.

"पहिला म्हातारा कोण घ्यायचा?" दिवाणजींनी विचारलं.

महाराज साठी उलटलेल्या शास्त्र्यांकडे नुसते बघत राहिले.